खुर्चीवरची शबनम

"मॅडम, घरून काम करते त्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटतं."

मी समुपदेशक. हे वाक्य शब्द बदलून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतं. मागच्याच आठवड्यात एका निमसरकारी कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "मुसळधार पावसामुळे साहेबांनी दोन दिवस घरून काम करा म्हटलं, तर मला झोपच लागेना." खासगी कंपनीतले लोक येतात ते काम संपतच नाही म्हणून. सरकारी नोकर येतो तो लाजेपोटी. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' हे तो जन्मभर ऐकत आलेला असतो. तोच माणूस घरी लॅपटॉप उघडून बसला की ती म्हण त्याच्या शेजारी येऊन बसते.

या सगळ्यांना मी एकाच बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

जानेवारी 2022. करोनाची तिसरी लाट. केंद्र सरकारने अवर सचिवांच्या खालच्या पदांवरच्या निम्म्या लोकांनाच कार्यालयात बोलवायचं ठरवलं होतं, बाकीच्यांनी घरून काम करायचं. या बाई मुंबईतल्या एका केंद्रीय कार्यालयात सहायक, नोकरीला बावीस वर्षं. आमची पहिली भेट व्हिडिओवर झाली. दर दोन मिनिटांनी त्यांचा उजवा हात हलत होता. मी विचारलं, तर ओशाळून म्हणाल्या, "माउस हलवते. स्क्रीन काळी पडली की घाबरायला होतं."

"कोण बघतंय?"

"कोणीच नाही. ऑफिसचं तसलं काही सॉफ्टवेअरच नाही."

साहेबांच्या मेसेजला दहा सेकंदांत 'येस सर', फोन आंघोळीलाही बरोबर, जेवण उभ्याउभ्या ओट्यापाशी. ऑफिसात त्या दोनदा चहाला उठायच्या. घरी एकदाही नाही.

माझी भिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर आहे. प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी जे घोकतो ते जास्त छळतं, असं ते सांगतात. माझ्या खोलीत त्यामुळे धीर देणं कमी आणि उलटतपासणी जास्त असते. पुढच्या वेळी मी त्यांना त्यांचीच साक्ष काढायला लावली. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे सरकारी फाइलींच्या संगणक प्रणालीत, कुठली फाइल कधी, कोणाकडे गेली हे तारीखवेळेसकट उमटतं. म्हटलं, घरचे तीन दिवस आणि ऑफिसचे तीन दिवस, दोन्ही मोजून या.

मोजून आल्या. घरून रोज आठ-नऊ फाइली साहेबांपुढे पुट-अप, ऑफिसातून पाच-सहा.

मला वाटलं, झालं काम! पण बाई म्हणाल्या, "हो, पण मी तिथे नव्हते ना."

हा माझ्यासाठी धडा होता. आकडे समोर ठेवले की समजूत बदलते, हा आम्हा समुपदेशकांचा लाडका गैरसमज. कामाचा पुरावा त्यांच्याकडे होताच, त्यांना हवा होता हजर असल्याचा. मग मी फाइलींचा नाद सोडला आणि विचारलं, "तुमच्या सेक्शनमध्ये हजर असून नसलेलं कोणी आहे का?"

आधी शांतता, मग एकदम हसू. पाच मिनिटं त्या सांगत होत्या. त्यांच्या सेक्शनमधल्या एका काकांची शबनम पिशवी सकाळी खुर्चीला अडकते ती संध्याकाळीच निघते. पंखा चालू, टेबलावर उघडी फाइल, तिच्यावर चष्मा. काका कँटीनमध्ये, दुसरा चष्मा नाकावर! कोणी विचारलंच तर सेक्शनच सांगतो, "आहेत की, इथंच आहेत."

आणि सांगता सांगता त्या थांबल्या. व्हिडिओ अडकला की काय, असं मला वाटलं.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "मी तेच करतेय. मीच माझी शबनम झालेय."

अशा क्षणी बोलू नये हे मला बऱ्याच वर्षांनी जमलंय. मी बोलले नाही. त्यांचा उजवा हात माउसवरून उचलला गेला आणि तासभर परत गेला नाही. स्क्रीन काळी पडली असणार. पडू दिली.

त्यांच्या त्या एका वाक्याने मलाही काही उलगडलं. आपल्या कचेऱ्यांनी आजवर वेळच मोजली. महाराष्ट्रात 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तोही रोज 45 मिनिटं जास्त बसण्याच्या बोलीवर. मस्टर, लेटमार्क, अंगठ्याचं मशिन यांत वाढलेल्या माणसाला घरी पाठवलं की तो मस्टर डोक्यात घेऊन जातो आणि स्वतःच स्वतःवर लाल शेरे मारतो. मे 2020 मध्ये केंद्राच्या कार्मिक मंत्रालयाने एक मसुदा काढला होता, पात्र कर्मचाऱ्यांना वर्षातून पंधरा दिवस घरून काम करण्याची मुभा द्यावी असा. लॉगिन, सुरक्षित जोडणी, लॅपटॉप सगळ्याचा विचार त्यात होता. डोक्यातल्या मस्टरचं काय करायचं, ते शेवटी माझ्यासारख्यांकडे येतं.

उरलेल्या दोन भेटी घरच्या आघाडीवर गेल्या. नवरा खासगी कंपनीत, तोही घरूनच काम करायचा. त्याचं दार बंद असलं की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करत. या मात्र जेवणाच्या टेबलावर, म्हणून गॅसवाला, दूधवाला, मुलाचा ऑनलाइन वर्ग, सगळं त्यांच्याकडे. "त्यांचं ऑफिस असतं, मी घरीच असते." हे वाक्य मी त्यांना तीनदा मोठ्याने म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्या चिडल्या. बरं झालं! त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "आई, साडेदहा ते दीड मी ऑफिसात आहे. बेल वाजली तरी." दोन दिवस तोंडं फुगली, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच दार उघडलं.

साहेबांसाठीही एक साधी गोष्ट केली. सकाळीच विचारायचं, "आज संध्याकाळपर्यंत काय हवंय?" आणि पाच वाजता चार ओळी पाठवायच्या: काय झालं, काय अडलं, कोणामुळे. तसं विचारणाऱ्याचे दिवसभराचे 'येस सर' आपोआप कमी होतात, असा माझा अनुभव आहे. आणि हो, चहाला उठायचं. गॅलरीत उभं राहून, फोन आत ठेवून.

एक कबुली द्यायला हवी. टपाल घेणारा, शिपाई, खिडकीवर बसणारा यांना घरून काम करताच येत नाही, आणि तुम्ही घरी असताना त्यांची चिडचिड होते ती खोटी नसते. तिथे अपराधी वाटून घेण्यापेक्षा ऑफिसला जाल त्या दिवशी त्यांचं एखादं अडलेलं काम उचला, असं मी सांगते.

7 फेब्रुवारीपासून सगळ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावलं. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला. सेक्शनमध्ये पाऊल टाकताच काकांनी भरल्या सभेत विचारलं होतं, "काय, संपली का सुट्टी?"

"मग?"

"म्हटलं, काका, तुमचा एक चष्मा कँटीनमध्ये राहिलाय. टेबलावरचा नव्हे, दुसरा."