निमसेटसाठी सी++ चा क्लास लावू का? आधी मार्कांचा हिशेब बघ

बी.एस्सी. गणिताचं शेवटचं वर्ष, निमसेटला (एनआयटींमधल्या एमसीएची, म्हणजे कंप्युटरच्या पदव्युत्तर पदवीची प्रवेश परीक्षा) हाताशी तीन महिने, आणि कुणीतरी सात रस्ता चौकाकडचा सी++ या प्रोग्रामिंग भाषेचा क्लास सुचवलाय. लावू का, असं विचारलंयस. नको लावूस.

पेपर १००० मार्कांचा. त्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी १२, म्हणजे ६०० तिथेच. रीझनिंगला २४०, कंप्युटरला १२०, इंग्लिशला ४०. त्या १२० मध्येही प्रोग्राम लिहायला लावत नाहीत. बायनरी (फक्त ० आणि १ मध्ये संख्या लिहिणं), टूज कॉम्प्लिमेंट (त्यात ऋण संख्या लिहायची रीत), बुलियन अल्जिब्रा (खरं-खोटं यांचं बीजगणित) आणि सीपीयू-मेमरी अशी कंप्युटरची रचना, हे घोटून ठेव. आठ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) उणे ५ लिहायचे तर ५ चं ०००००१०१ उलटं कर, ० चा १ आणि १ चा ०; ११११११०१० नव्हे हं, आठच बिट मोज: १११११०१०. त्यात १ मिळव, १११११०११. (बिट मोजायला चुकणं हीच इथली नेहमीची चूक.) डी मॉर्गनचे नियम तर तू संचांत शिकलायसच, छेद-संयोगाच्या जागी अँड-ऑर आले, बस.

आता निगेटिव्हचं. गणितात चुकलं की ३ जातात. मी परीक्षा दिली तेव्हा बरोबरला ४ आणि चुकीला १ वजा असायचा, आणि त्या एकाच्या धास्तीनं मी बारा-तेरा प्रश्न कोरे सोडले. घरी येऊन गणित मांडलं तेव्हा कपाळावर हात मारला! आताच्या मार्कांतही तेच: चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी १२ चा पाव भाग, ३ मिळतात आणि ३ चा पाऊण भाग, २.२५ जातात. तोटा नाहीच. एक पर्याय कापता आला तर सरासरी २ मार्क पदरात. संभाव्यता शिकलेल्या माणसानं हे आधी मांडायला हवं होतं.

खरी अडचण वेळेची आहे. गणिताला ७० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ८४ सेकंद. रीझनिंगच्या ४० प्रश्नांना ३० मिनिटं, तिथे तर ४५ सेकंदच. विद्यापीठाच्या पेपरात पायऱ्यांना मार्क मिळतात, इथे फक्त उत्तराला. म्हणून पर्याय घालून बघणं, n = १, २ ठेवून तपासणं, या सवयी आत्तापासून लाव.

सोबत एमसीए सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमसीए कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरच. तिथे ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात; निगेटिव्ह आहे का ते माहितीपत्रकात बघ, नसेल तर एकही कोरा ठेवायचा नाही.

क्लासचे पैसे वाचले, त्यातून जुने पेपर झेरॉक्स करून घे. रविवारी दुपारी पंखा गरम वारा फेकत असला तरी घड्याळ लावून बस.