टीव्ही आणि लॅपटॉप जुन्या अँप्लिफायरला जोडायला पैसे वसूल होतील असा डॅक कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की घरी जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून गाणी लावली की मागे बारीक खरखर येते, आणि टीव्हीचा आवाजही याच स्पीकरमधून हवाय. त्यासाठी डॅक (डिजिटल आवाजाचं अँप्लिफायरला चालेल अशा अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी पेटी) घ्यायचाय, पण साधा घ्यावा की एकदाच महागातला घेऊन मोकळं व्हावं हे ठरत नाहीये. माझं मत स्पष्ट आहे: साधाच घ्या. मात्र त्याच्या पाठीमागे कोणती सॉकेट्स आहेत आणि सोबत रिमोट मिळतो का, हे नीट बघून घ्या.

साधा का, ते सांगतो. डिजिटल आवाजातला एकेक बिट सुमारे 6 डेसिबलचं अंतर देतो, म्हणून सीडीच्या 16 बिटमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांच्यात 96 डेसिबलच्या आसपास अंतर मावतं. आता आपली खोली बघा. रात्री शांत वाटणाऱ्या खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. गाण्यातला सर्वांत जोरकस क्षण तुम्ही 100 डेसिबलवर ऐकलात (हा बराच मोठा आवाज आहे, रोज ऐकू नये), तरी वापरात येतात ते 70 डेसिबल. आजच्या साध्या पण नीट बनवलेल्या डॅकची खरखर आणि विकृती मूळ आवाजाच्या 100 डेसिबल किंवा त्याहून खाली असते. म्हणजे ती खोलीच्या शांततेतच बुडून जाते. त्याहून चांगला आकडा कागदावर दिसतो, पण कानापर्यंत पोहोचत नाही.

हे मी आधी मानत नव्हतो. माझ्याकडे एक साधा डॅक होता. नंतर बरेच पैसे साठवून दुसरा आणला आणि पहिल्याच दिवशी वाटलं, गायकाचा आवाज किती मोकळा झाला! काही महिने मी हेच सगळ्यांना सांगत होतो. मग एकदा 100 हर्ट्झचा सूर लावून दोन्हींच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला. जुना 2 व्होल्ट देत होता, नवा 2.5. हा फरक जवळजवळ 2 डेसिबलचा होतो. इतका फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. दोन्ही समान पातळीवर आणले, भावाला पडद्यामागे बसवून केबल बदलायला लावली आणि 16 वेळा ओळखायचा प्रयत्न केला. 9 वेळा बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवून आलं असतं तेवढंच. म्हणून कोणी दोन डॅकमधला फरक सांगत असेल, तर पातळी जुळवली होती का, हे आधी विचारा.

डॅकच्या आत हे रूपांतर करणारी जी चिप असते, तिच्या नावावरूनही निवड करू नका. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या सगळ्यांच्या चिप उत्तम आहेत. 2020 साली जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक कंपन्यांना आपले डॅक दुसऱ्या चिपवर नव्याने बेतावे लागले, आणि ते नवे डॅकही उत्तमच वाजतात. 768 किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांचंही (म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या दराचंही) तसंच. सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा दर 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो, आणि तरुण कानालासुद्धा 20 च्या पुढे ऐकू येत नाही.

पैसे कुठे घालायचे, तर टीव्हीच्या बाजूला. डॅकला ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या केबलने डिजिटल आवाज घेणारं सॉकेट) असायलाच हवा. जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर ठेवा. ते ‘डॉल्बी’ किंवा ‘ऑटो’वर राहिलं तर साध्या डॅकला तो प्रवाह उलगडता येत नाही आणि आवाजच येत नाही. डॅक बिघडलाय असं समजून लोक तो परत करतात, तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं. दुसरी अडचण रोजची आहे. ऑप्टिकलमधून बाहेर पडणारी पातळी बहुतेक टीव्हींत ठरलेली असते, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही. तुमच्या जुन्या अँप्लिफायरला रिमोट नसेल तर प्रत्येक जाहिरातीला उठावं लागेल. म्हणून आवाजाची कळ आणि रिमोट असलेला डॅक घ्या. थोडे जास्त पैसे गेले तरी ते इथेच जाऊ द्या. वीज जाऊन आल्यावर तो आधीची पातळी लक्षात ठेवतो का, हेही विचारून घ्या. काही डॅक पूर्ण पातळीवर सुरू होतात, आणि अँप्लिफायरची कळ वर असेल तर स्पीकरवर ताण येतो.

लॅपटॉपसाठी यूएसबी. विंडोज 10 मध्ये 2017 च्या अपडेटपासून वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही, मॅक आणि लिनक्सवरही लागत नाही. ब्लूटूथ असलं तर सोय, नसलं तरी काही बिघडत नाही.

पण एक गोष्ट खरेदीच्या आधी करा. गाणं थांबवून अँप्लिफायरचा आवाज थोडा वाढवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. खरखर तशीच राहिली तर दोष लॅपटॉपच्या आतल्या ऑडिओ सर्किटचा असण्याची शक्यता जास्त, आणि बाहेरचा यूएसबी डॅक ती बहुधा घालवेल. पण चार्जर काढताच ती गेली, तर तो ग्राउंड लूप आहे: चार्जर आणि अँप्लिफायर दोघांच्या अर्थिंगमधून केबलच्या तारेवर फिरणारा प्रवाह. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असते, त्यामुळे कितीही महाग डॅक लावलात तरी ही खरखर त्या वाटेने परत येऊ शकते. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, तिथे ही वाट तुटते. तुमच्याकडे टीव्ही आहेच, तेव्हा लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून ऑप्टिकलने डॅकला. टीव्ही बहुधा सगळं 48 किलोहर्ट्झवर आणेल, त्याने ऐकण्यात काही उणं होत नाही. हीच मांडणी माझ्या बहिणीकडे केली आहे आणि तिची खरखर पूर्ण गेली.

चार्जर काढून काय झालं ते इथे लिहा, शिवाय टीव्हीच्या मागे कोणती सॉकेट्स आहेत तेही. काही नव्या टीव्हींना ऑप्टिकल आउटपुटच नसतो. तसं असेल तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच बाहेर देण्याची सोय) इनपुट असलेला डॅक बघावा लागेल.