'डमी' तीस वर्षांनीही ताजा का, आणि तसा आवाज घरी करताना काय चुकतं

प्रश्न असा आहे: पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडचा 'डमी' हा अल्बम ऑगस्ट १९९४ चा, तरी आज लावला तर शिळा वाटत नाही, मात्र लॅपटॉपवर ठेका संथ केला, तबकडीच्या खरखरीचं प्लगइन (म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा इफेक्ट) लावलं, तरी आपलं काम नकली का वाटतं? माझ्या मते दोन्हींचं कारण एकच आहे. या अल्बममधला जुनेपणा शेवटी वरून फासलेला नाही. गाणं रचण्याआधीच तो कच्च्या मालात मुरवलेला आहे.

पोर्टिसहेडचा जेफ बॅरो ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत टेप ऑपरेटर होता, आणि मॅसिव्ह अटॅक या बँडच्या 'ब्लू लाइन्स' अल्बमचं काम त्याने तिथे जवळून पाहिलं. जुनी रेकॉर्ड शोधायची, तिच्यातले दोन-चार बार (ठेक्याची आवर्तनं, एकात बहुधा चार ठोके) उचलायचे, म्हणजे सॅम्पल करायचे, आणि ते पुन्हापुन्हा फिरवून त्यांची लूप करायची, ही हिप-हॉपची रीत त्याच्या हातात बसलेली होती. 'डमी'त असं थेट उचललेलं आहेच. 'सॉर टाइम्स' लालो शिफ्रिनच्या 'डॅन्यूब इन्सिडन्ट'वर उभं आहे. त्यातला तो झणझणता आवाज सिंबलमचा. हातोड्यांनी तारा छेडायचं हे वाद्य संतूरच्याच कुळातलं. 'ग्लोरी बॉक्स'खाली आयझॅक हेजचं १९७१ चं 'आइक्स रॅप २' आहे.

खरी गंमत उरलेल्या भागात आहे. गिटारवर एड्रियन अटली, ड्रम्सवर क्लाइव्ह डीमर अशा वादकांकडून बँडने स्वतःचे तुकडे वाजवून घेतले आणि त्यांच्या तबकड्या कापून, म्हणजे ते आवाज तबकडीवर कोरून, घेतले. त्या तबकड्या स्टुडिओच्या जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चालले, आवाज मोडक्या ॲम्प्लिफायरमधूनही नेला. मग त्या टर्नटेबलवर चढवून दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डसारख्या सॅम्पल केल्या. म्हणजे भूतकाळच स्वतः तयार केला.

याचा कानाला कळणारा परिणाम बघा. समजा लूप दोन बारची आहे आणि लय ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके). तिच्यातला एखादा 'टक्' दर ५.३ सेकंदांनी त्याच जागी परत येतो आणि ठेक्याचाच भाग होऊन बसतो. मास्टरवर, म्हणजे सगळ्या गाण्यावर एकत्र, लावलेलं प्लगइन मात्र गाणंभर सलग, विस्कळीत खरखर सोडतं. लूप थांबते तेव्हाही ती चालूच राहते, आणि गायिकेच्या आवाजावरही तोच थर चढतो. कान ही फसवणूक लगेच ओळखतो.

घरी करायचं तर क्रम उलटा करा. हव्या त्या लयीपेक्षा जलद वाजवून रेकॉर्ड करा. तबकडी मिनिटाला ४५ ऐवजी ३३⅓ फेऱ्यांवर फिरवली की वेग ७४ टक्क्यांवर येतो आणि सूर पाच सेमीटोनांपेक्षा (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) थोडा जास्त उतरतो. ही 'थोडा जास्त'ची भानगड त्रासदायक आहे: साधारण २० सेंटचा (सेमीटोनाचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक राहतो आणि नंतर वाजवलेला बास बेसूर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये वेग ७४.९ टक्के ठेवा म्हणजे नेमके पाच सेमीटोन उतरतील. १२० चा ठेका जवळजवळ ९० वर येईल. अंतिम गाणं डी मायनरमध्ये हवं असेल तर तुकडा जी मायनरमध्ये वाजवा. टाइम-स्ट्रेच (सूर न बदलता वेग बदलण्याची सोय) मात्र पूर्ण बंद. वेग उतरला की सूर उतरलाच पाहिजे. स्नेअर ड्रमला तो जाड, आळसावलेला पोत त्यातूनच येतो.

तबकडी कापून घेणं महाग पडतं. चालू स्थितीतला कॅसेट डेक पुरतो. काटा लाल पट्टीत जाईल इतक्या जोरात टेपवर घ्या, परत लॅपटॉपमध्ये आणा, आणि त्यातले सर्वांत चांगले दोन बार कापा. ८० हर्ट्झच्या खालचं आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं काढून टाका. कापताना लूपची सुरुवात आणि शेवट अचूक ठेवा, आतले ठोके क्वांटाइझ करू नका, म्हणजे सॉफ्टवेअरच्या काटेकोर ग्रिडवर बसवू नका. ड्रमरचा मागे रेंगाळलेला हाय-हॅट (झांजांच्या जोडीचा ठोका) ग्रिडवर ओढलात की सगळी मेहनत वाया जाते. बास वेगळा आणि स्वच्छ वाजवा. तोही टेपवरून काढला तर ट्रॅकला तळच राहत नाही, ही सर्रास दिसणारी चूक.

आता आवाज. पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्स हिचं गाणं बहुतेक ठिकाणी अगदी जवळून ऐकू येतं, श्वासासकट, आणि लूपच्या धुळीतून वेगळं उठून दिसतं. पुष्कळ जण इथेच घसरतात: आवाजालाही टेलिफोनसारखा फिल्टर, भरपूर रिव्हर्ब (मोठ्या खोलीतली घुमणूक), वर सूर दुरुस्ती. मग मळकट आणि स्वच्छ यांच्यातला ताण नाहीसा होतो, आणि तोच तर या अल्बमचा प्राण आहे. फिल्टर हवाच असेल तर एखाद्या ओळीपुरता ठेवा.

सॅम्पलच्या निवडीत जादू नाही, याचा पुरावाही हाताशी आहे. रॅपर ट्रिकीने १९९५ च्या 'मॅक्सिनक्वे' अल्बमवरच्या 'हेल इज राउंड द कॉर्नर'मध्ये हेजची तीच लूप वापरली. तीच उतरती बास ओळ तिथे पुटपुटत्या, धुरकट बोलण्याखाली सरपटते. 'ग्लोरी बॉक्स'मध्ये ती एका मोठ्या सुरावटीला आणि अटलीच्या गिटारला उचलून धरते, आणि शेवटाकडे ठेका एकदम जड होऊन कोसळतो. दोन्ही लागोपाठ, हेडफोनवर ऐका. योगायोग असा की त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत हे दोन्ही अल्बम होते. पुरस्कार 'डमी'ला मिळाला.

'डमी'तलं 'रोड्स' हे गाणं मात्र निराळ्या कारणासाठी अभ्यासा. सुरुवातीला ट्रेमोलो (आवाज लयीत लहान-मोठा करणारा इफेक्ट) लावलेला रोड्स नावाचा इलेक्ट्रिक पियानो एकटाच आहे. ड्रम्स यायच्या आधी लय त्या थरथरीतूनच कळते, म्हणून ट्रेमोलोचा वेग गाण्याच्या लयीशी जुळवून घ्यावा लागतो. अंदाजाने ठेवला तर ड्रम्स आल्यावर दोघं भांडतात. हेच गाणं न्यूयॉर्कच्या रोझलँड सभागृहात १९९७ साली ऑर्केस्ट्रासह झालं, त्या मैफलीच्या व्हिडिओवर ते मिळतं. स्टुडिओतल्या युक्त्या बऱ्याच बाजूला झाल्यावरही चाल आणि शब्द तितकेच ठाम उभे राहतात. तेव्हा टेप, तबकडी यांच्या मागे लागण्याआधी आपलं गाणं नुसत्या गिटारवर किंवा पेटीवर म्हणून बघा. तिथे उभं राहत नसेल तर चाल बदला.