पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण: ८×४२, १०×४२ की झूम?

पक्षी पाहण्यासाठी पहिली दुर्बीण घेताना ८×४२, १०×४२ आणि ‘जास्त दूरचे दाखवणारी’ १०–३०×५० झूम यांतून कोणती निवडावी, असे आपण विचारले आहे. (८×४२ मधला ८ हा आकडा वर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिमीमधला व्यास; झूममध्ये वर्धन १० ते ३० पट असे बदलता येते.) झूमचा विचार सोडून द्यावा आणि उरलेल्या दोहोंपैकी ८×४२ घ्यावी. उत्तर खरे तर इथेच संपते. परंतु ‘जास्त दूरचे दाखवणारी’ या शब्दांवरून माझा आणि माझ्या मेहुण्यांचा वाद अनेक वर्षे चालू असल्यामुळे पुढचे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मेहुणे हिशेबाचे पक्के आहेत आणि वस्तूवर छापलेला आकडा जितका मोठा तितकी ती वस्तू चांगली, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांनी २०×५० दुर्बीण घेतली आणि माझ्या ८×४२ ला चारचौघांत ‘मुलांचे खेळणे’ ठरवले. पुढे एका पहाटे आम्ही दोघे पाणथळीवर गेलो असता दाट झुडपात एक वटवट्या बोलू लागला. मी हललेली फांदी नुसत्या डोळ्यांनी हेरली, नजर तिथून न काढता दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि पक्षी भुवईवरच्या फिकट रेघेसकट समोर आला. मेहुण्यांना पक्षी तर सोडाच, ते झुडूपही सापडेना, कारण वर्धन जसे वाढते तसे दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. त्यात प्रकाश अपुरा होता. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: त्यांच्या दुर्बिणीत तो २.५ मिमी, माझ्या दुर्बिणीत ५.२५ मिमी. अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली रुंदावते, तेव्हा हा फरक पुरता जाणवतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो चौपटीहून अधिक आहे. हिशेबाच्या पक्क्या माणसाने हा भागाकार खरेदीपूर्वीच करायला हवा होता, असे माझे म्हणणे आहे. वटवट्या उडून गेल्यावर ते इतकेच म्हणाले, ‘तुमची नजर चांगली आहे.’ श्रेय दुर्बिणीला द्यायला ते आजही तयार नाहीत.

झूमच्या दुर्बिणीत तर दोन्हीकडून तोटा होतो: कमी वर्धनावर दृष्टिक्षेत्र अरुंद आणि जास्त वर्धनावर चित्र अंधारे. लालभडक चमकणारे लेप असलेली भिंगेही टाळावीत, कारण ती लाल प्रकाश परतवतात आणि रंग बिघडवतात. पक्ष्याच्या रंगावरून त्याची ओळख पटवू पाहणाऱ्या नवशिक्याला हे परवडणारे नाही. घेण्यापूर्वी दुर्बीण शक्यतो दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या झुडपावर रोखून पाहावी. भर उन्हात कोणतीही दुर्बीण चांगलीच भासते. फुलपाखरे आणि चतुरही पाहायचे असतील, तर दोन-तीन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते की नाही, हेही तपासावे. अर्थसंकल्प लहान असल्यास, तेवढ्याच पैशांत सरळ नळीच्या रूफ दुर्बिणीपेक्षा रुंद खांद्यांची पोरो दुर्बीण बहुधा अधिक सुस्पष्ट चित्र देते. दिसायला ती जुनाट वाटते, पण त्याने पक्ष्यांचे काही बिघडत नाही.

आता काही अपवाद. आपल्याला चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा मागच्या भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते ते अंतर) किमान १५ मिमी असावा, अन्यथा चित्राच्या कडा कापल्या जातात. ४२ मिमीची दुर्बीण मानेला जड वाटत असल्यास ८×३२ घ्यावी. दिवसाच्या उजेडात तिने फारसे अडत नाही. आपले हात स्थिर असतील आणि पाहणे मुख्यतः मोकळ्या पाण्यावरच्या दूरच्या पक्ष्यांचे असेल, तर १०×४२ ही योग्य ठरते. तिवईवर बसवल्यास २०×५० सुद्धा उपयोगी पडते, मात्र हे मेहुण्यांना कळवण्याची मला गरज वाटत नाही.