‘हायब्रीड लॉजिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न नाशिकच्या एका गणिताच्या प्राध्यापिकाबाईंचा. ‘हायब्रीड लॉजिक’ म्हणजे असं तर्कशास्त्र, ज्यात एखादं विधानच एखाद्या क्षणाचं किंवा स्थितीचं नावही होतं. या विषयावर त्या मराठीत टिपण लिहितायत आणि ‘मिश्र’, ‘संकरित’ की ‘कलमी’ यात अडल्यात. ‘कलमी’ हा माहेरच्या द्राक्षबागेचा परिणाम, हे त्यांनीच कळवलंय.

‘कलमी’ ऐकायला छान, पण कलमात खुंट खुंटच राहतो आणि वरची काडी आपलीच द्राक्षं देते. इथे तसं नाही. ‘मिश्र’ फारच ढिला. ‘संकरित’ म्हटलं की बियाण्याची पिशवी आठवते. शिवाय आपल्याकडची जुनी माणसं ‘हायब्रीड’ म्हणतात ती ज्वारीला, तेही नाक मुरडून.

मी ‘संकर तर्कशास्त्र’ म्हणेन. न्यूझीलंडचा तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर याने काळाचं तर्कशास्त्र रचताना १९६०च्या दशकात एक युक्ती केली. ‘गोदेला पूर आहे’ हे विधान कधी खरं, कधी खोटं. ‘आज ४ ऑगस्ट २०१९ आहे’ हे मात्र एकाच दिवशी खरं. म्हणजे ते विधानही आहे आणि त्या दिवसाचं नावही! आता दोन्ही जोडा: ‘४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदेला पूर’. रामकुंडावर कुठल्याही दिवशी उभं राहून म्हणा, त्याचा खरेखोटेपणा बदलत नाही. ‘आज ४ ऑगस्ट २०१९ आहे’ अशा, नावाचंही काम करणाऱ्या विधानाला मी ‘नामविधान’ म्हणतो.

‘संकर’ म्हटल्यावर नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, कपाळाला आठ्या पडतील. उदयनाचार्यांनी सांगितलेल्या जातिबाधकांत (एखाद्या गुणधर्माला खरी ‘जाती’, म्हणजे सामान्य वर्ग, ठरू न देणाऱ्या कारणांत) ‘संकर’ आहेच: आकाश भूत (पंचमहाभूतांपैकी) आहे पण मूर्त (मर्यादित आकाराचं) नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी दोन्ही; म्हणून भूतत्व ही जाती मानायची नाही. प्रायरचा मामला तंतोतंत असा नव्हे, पण दोन वर्ग एकमेकांत शिरणं हेच दोन्हीकडे आहे. तिथे ती अडचण, इथे सगळी करामत तिच्यावर.

बाईंचा दुसरा प्रश्न ‘हायब्रीड टाइप थिअरी’चा. तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्चची १९४०ची प्रकारव्यवस्था (प्रत्येक पदाला ठराविक ‘टाइप’ देणारी मांडणी), लिऑन हेंकिनची १९५०ची पूर्णतेची सिद्धता (जे सर्वत्र खरं ते सिद्धही करता येतं, ही) आणि प्रायरची नामविधानं यांची सांगड अरेसेस, ब्लॅकबर्न, उएर्तास आणि मांझानो यांनी घातली. त्यांचा पूर्णतेवरचा लेख २०१४चा. या सांगडीलाही ‘संकर’च म्हणायचं का? अलंकारशास्त्र इथे भेद करतं: दूधपाण्यासारखं मिसळलं तर संकर, तीळतांदळासारखं वेगळं दिसलं तर संसृष्टी. लॅम्डा (फलन लिहिण्याची खूण) चर्चचा, व्यापक प्रतिमानं (सूत्रांना अर्थ देणाऱ्या सैल रचना) हेंकिनची, नामविधानं प्रायरची, असं बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून मी ‘संसृष्टी’ म्हणेन. एका ठिकाणी मात्र पंचाईत होते. हेंकिन सिद्धतेत ‘असं काहीतरी आहे’ या विधानाला साक्षीदार म्हणून नवी नावं आणतो. शक्य जगांसाठी (प्रायरच्या दिवसांसारख्या, जिथे विधान खरं-खोटं ठरतं त्या स्थितींसाठी) तीच साक्ष इथे नामविधानं देतात. तेवढ्या जागी हेंकिन कुठे संपला नि प्रायर कुठे सुरू झाला, सांगता येत नाही.

‘टाइप’ला सरळ ‘प्रकार’ म्हणा. नव्यन्यायात (न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेत) ‘प्रकार’ म्हणजे ज्ञानातलं विशेषण, पण टिपण वाचणाऱ्यांत नव्यनैयायिक फार नसावेत.