ट्रॉलीआडून आलेली मोटरसायकल

प्रश्न : मी कोरेगावला राहतो, साताऱ्याच्या एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशिन) ऑपरेटर आहे. 27 नोव्हेंबरला जनरल शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवरून घरी निघालो होतो. पावणेसात झाले असतील. संगमनगर सोडल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालला होता. तो एकदम हळू झाला म्हणून मी डावीकडून गाडी पुढे काढली. तेवढ्यात समोरून आलेली कार उजवीकडे, एका मंगल कार्यालयाच्या गेटकडे वळली आणि मी तिच्या डाव्या दारावर आदळलो. ट्रॅक्टरवाल्याने तिला हात करून जागा दिली होती, हे मला नंतर कळलं. पायाची नळी मोडली, रॉड बसवला. दवाखान्याचं बिल 1 लाख 85 हजार. कारवाला म्हणतो, 40 हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा. पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला, पण गुन्हा दाखल केला नाही. कारच्या विमा कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, ‘काळं जर्किन, हेल्मेट टाकीवर, हेडलाइट बंद, तुम्हाला काही मिळणार नाही.’ मी काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मजकुराची तिसरी ओळ आहे : ‘सदर अपघात माझ्याच चुकीमुळे झाला असून…’ ही ओळ विमा कंपनीच्या वकिलाने कोर्टात वाचून दाखवली की 40 हजारांत तुम्ही काय विकलंत ते कळेल. शिवाय कारवाल्याला खिशात हात घालायची गरजच नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे तो याचसाठी. पॉलिसी चालू असेल तर पैसे कंपनी भरते. बहुतेक कारमालकांना हे माहीतच नसतं, म्हणून ते पोलीस ठाण्याच्या आवारात नोटा मोजत बसतात.

आता त्या विम्याच्या माणसाचे तीन मुद्दे.

काळं जर्किन घालून गाडी चालवू नये असं आपल्याकडच्या कोणत्याही कायद्यात नाही. रेडियमची पट्टी लावलेली बरी, पण ती नसणं हा गुन्हा नाही.

हेल्मेट टाकीवर होतं, ही मात्र तुमची चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ड खाली 1000 रुपये दंड आणि 3 महिने लायसन्स निलंबन. पण मोडला तो पाय. हेल्मेट डोक्यावर असतं तरी नळी मोडायची थांबली नसती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दीक यांच्या प्रकरणात हाच विचार मांडला. एका मोटरसायकलवर तिघे बसले होते, मागून कारने उडवलं. तिघांनी बसणं बेकायदा होतं, पण त्या बसण्याने अपघात झाला किंवा इजा वाढली असं दिसत नसेल, तर तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. नियम मोडला का, हा एक प्रश्न. त्या मोडण्याने हा अपघात झाला का, हा दुसरा. विम्याची माणसं पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचे पैसे कापू बघतात.

हेडलाइटचं तर हसूच आलं. तुमची गाडी 2019 ची. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचं बंद करायचं बटणच नसतं. इंजिन चालू तोवर दिवा चालू. बल्ब उडालेला असेल तरच दिवा बंद. तुम्ही लिहिलंय की गाडी अजून गॅरेजच्या मागे तशीच पडून आहे. फार चांगलं झालं. मिस्त्रीला सांगा, हेडलाइटला हात लावायचा नाही. दिवा पेटलेला असताना दणका बसला तर बल्बमधली तापलेली तार ताणली जाते, वेडीवाकडी होते. विझलेल्या बल्बची थंड तार तशी ताणली जात नाही. जाणकार माणूस त्या तारेकडे बघून सांगू शकतो. चारी बाजूंनी फोटो काढा आणि आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची तपासणी करून घ्या, असं पोलिसांना लेखी कळवा.

तुमची खरी अडचण त्या माणसाने काढलेलीच नाही. पण कोर्टात ती निघणार, म्हणून आत्ताच बोलू. तुम्ही ट्रॉलीच्या डावीकडून आलात.

उसाने भरलेली ट्रॉली म्हणजे चालती भिंत. वळणाऱ्या कारवाल्याला ट्रॅक्टर दिसत होता, त्याचा हात दिसत होता, पण त्या भिंतीच्या पलीकडून तुम्ही येताय हे भर दुपारीसुद्धा दिसलं नसतं. पिवळं जर्किन घातलं असतं तरी तेच. ओव्हरटेक उजवीकडून करायचं हा नियम, आणि पुढची गाडी विनाकारण हळू झाली तर तिच्यापुढे काहीतरी चाललंय हे ओळखायला हवं होतं. इथे तुमचा नियमभंग आणि अपघात यांची गाठ पडते. याला कोर्टाच्या भाषेत कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात, म्हणजे अपघातात जखमीच्याही चुकीचा वाटा.

पण म्हणून दावा बुडत नाही, फक्त कापला जातो. समजा भरपाई 8 लाख ठरली आणि तुमची चूक 25 टक्के धरली, तर 6 लाख हातात येतील. किती टक्के धरायचे ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारं कोर्ट, पुराव्यावरून ठरवतं. आपली बाजूही लंगडी नाही. समोरून येणाऱ्याचा रस्ता आडवा कापून वळायचं, तर तो रस्ता मोकळा आहे याची खात्री वळणाऱ्याने करायची असते. ट्रॅक्टरवाल्याने हात केला म्हणजे त्याने स्वतःची जागा सोडली. तुमचीही जागा देऊन टाकायचा अधिकार त्याला कुणी दिला? पलीकडचं दिसत नसेल तर ट्रॅक्टरच्या नाकापाशी थांबून, डोकावून मग पुढे जायचं. कारवाल्याने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये ‘ट्रॅक्टरमुळे तुम्ही दिसलाच नाहीत’ असं म्हटलंय. त्याला ती सबब वाटते. मी ती, न बघता वळल्याची कबुली म्हणून वाचतो. तो मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडून तो दाखल करू.

आणि कृपा करून ‘मी उजवीकडून येत होतो’ असं सांगू नका. गावात कुणीतरी शहाणा तसं सुचवेलच. दवाखान्यातल्या जबाबात तुम्ही डावी बाजू सांगितली आहे. एक वाक्य फिरवलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

साक्षीदार दोन शोधा. पहिला ट्रॅक्टरवाला. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्या संध्याकाळी कोणते ट्रॅक्टर आले याची नोंद असते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या ऊस वाहतूकदारांत विचारलं तरी नाव निघेल. दुसरा म्हणजे लग्नाचा व्हिडिओवाला. तुम्ही लिहिलंय की गेटवर बँड वाजत होता. चार महिन्यांपूर्वीचं सीसीटीव्ही चित्रण बहुधा पुसलं गेलं असेल, पण नवरदेव गेटवर असताना कॅमेरा चालू असतो, आणि लग्नाची शूटिंग कुणी पुसत नाही. कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून त्या तारखेची पार्टी विचारा. नवरदेवाच्या मागे, कोपऱ्यात, तुमचा हेडलाइट दिसायची शक्यता आहे.

पोलीस गुन्हा घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात, स्पीड पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, त्यामुळे भारतीय न्याय संहितेची कलमं 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125 (ब) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत) लागतात. ‘आता उशीर झाला’ असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा रवी विरुद्ध बद्रीनारायण हा निकाल आहे : आधी माणूस दवाखान्यात जातो, ठाण्यात नंतर; केवळ उशिरामुळे दावा खोटा ठरत नाही.

भरपाईत बिलं, बुडालेला पगार आणि वेदना तर येतातच, पण मोठी रक्कम कायमच्या अपंगत्वाची. दाखल्यावर डॉक्टर पायाचे टक्के लिहितील. न्यायाधिकरण बघतं ते तुमच्या कामावर झालेला परिणाम. सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा 2010 चा निकाल, हे त्याचं सूत्र. मशिनपुढे आठ तास उभं राहणाऱ्याचा पाय आणि टेबलावर बसणाऱ्याचा पाय यांची किंमत सारखी नसते. म्हणून कंपनीकडून दोन कागद घ्या : पगारपत्रकं आणि तुमचं काम उभ्याने करायचं असतं याचा दाखला.

अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कायद्यात आता अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. तिच्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. तुमचे 6 महिने 27 मे ला भरतात, आणि मे म्हणजे कोर्टाची उन्हाळी सुटी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जा, आणि जाताना बिलांच्या मूळ प्रती न्या, झेरॉक्स नको.