आंबा पिकवण्यासाठी कार्बाइड का वापरू नये?

हापूसची काढणी सुरू झाली की बागायतदारांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा, की हंगामाच्या आरंभी चढा भाव मिळत असताना पेटीत कार्बाइडची पुडी ठेवून फळ लवकर पिकवले तर नेमके काय बिघडते. दुसरा असा, की वेल्डिंगच्या कामातून उरलेले कार्बाइड शेडमध्ये पडून आहे, त्याचे काय करावे.

कॅल्शियम कार्बाइड हे चुनकळी आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून केलेले रसायन आहे. त्याला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे विरी गेलेला चुना उरतो. पेटीत वेगळे पाणी घालावे लागत नाही, फळांतून निघणारा ओलावाच पुरतो. बाजारातील एक किलो कार्बाइडपासून साधारण ३०० लिटर वायू मिळतो, म्हणजे १० ग्रॅमच्या पुडीतून सुमारे ३ लिटर.

फळ निसर्गतः पिकते ते त्याच्या स्वतःच्या पेशींत तयार होणाऱ्या इथिलीनमुळे. इथिलीन आणि ॲसिटिलीन या दोन्ही वायूंच्या रेणूत कार्बनचे दोनच अणू असतात. इथिलीनमध्ये ते दुहेरी बंधाने जोडलेले असतात, ॲसिटिलीनमध्ये तिहेरी बंधाने. या साम्यामुळे फळ ॲसिटिलीनलाही प्रतिसाद देते, मात्र त्यासाठी हा वायू कितीतरी अधिक प्रमाणात लागतो. कोवळ्या फळाची साल त्यामुळे पिवळी होते, पण ज्या गरात पुरेसा स्टार्च साठलेलाच नाही त्यात साखर येणार कुठून? गिऱ्हाईक एकदा असा पिवळा, आंबट आंबा घरी घेऊन गेले की पुढच्या वेळी आपल्या पेटीकडे पाहत नाही, आणि हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

आरोग्याचा धोका मुख्यतः अशुद्धींचा आहे. औद्योगिक कार्बाइडमध्ये फॉस्फरस व आर्सेनिकचे अंश असल्याने ॲसिटिलीनबरोबर फॉस्फिन आणि आर्सिन हे विषारी वायूही निघतात. कार्बाइडला येणारा लसणासारखा उग्र वास या अशुद्धींचाच असतो, कारण शुद्ध ॲसिटिलीनला जवळजवळ वास नाही. पुड्या भरणाऱ्या माणसाच्या हाताला, डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होते ती वेगळीच. म्हणूनच अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांनी ॲसिटिलीनने पिकवलेली फळे विकण्यास बंदी घातली आहे.

हवेत ॲसिटिलीन अडीच टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच अशा बंद खोलीत तेवढे प्रमाण गाठायला एक किलो कार्बाइड पुरते.

घाई असेल तर इथिलीनच वापरावे. १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या १०,००० भागांत एक भाग, इतक्या वापरास परवानगी आहे, आणि हे प्रमाण त्याच्या ज्वलनमर्यादेच्या खूपच खाली असते. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखावी. फळांच्या श्वसनातून साठणारा कार्बन डायऑक्साइड पिकणे मंदावतो, म्हणून मधूनमधून हवा बदलावी. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात फळे बुडवू नयेत. त्याचा उपयोग फळाला स्पर्श न होऊ देता केवळ इथिलीन मिळवण्यापुरता करावा.

चेंबर नसेल तर भाताच्या पेंढ्याची आढी आजही उत्तम आहे. फळाचे खांदे देठाच्या वर आले, म्हणजे आंबा चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झाला, की तो देठासह झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवावा आणि हवेशीर जागी आढी लावावी. सुरुवातीला थोडे दिवस जास्त लागतील, पण रंग, वास आणि गोडी एकत्र येतील.

उरलेले कार्बाइड विहिरीत, गटारात किंवा उकिरड्यावर टाकू नये. ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून वेल्डिंगवाल्याला परत द्यावे. डब्याजवळ आग लागल्यास पाणी मुळीच मारू नये, कोरडी वाळू टाकावी. ॲसिटिलीनच्या जोडणीत तांब्याची नळीही वापरू नये, कारण तांब्याशी संयोग होऊन धक्क्याने फुटणारे संयुग तयार होते.